चार कोपऱ्यांचे टेबल

त्या सुतारखान्यात गेली बत्तीस वर्षे एकही टोकदार कोपरा जन्मास आला नव्हता. टेबल असो, कपाट असो, नाहीतर साधे स्टूल असो, म्हाताऱ्या सुताराच्या हातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या कडा पाण्याने घासलेल्या गोट्यासारख्या गोल आणि गुळगुळीत असत. गिऱ्हाइकांना ती त्याची कला वाटे. लोक लांबून येत, पाटीकडे न पाहताच "गोलवाले आहेत का?" असे विचारीत आणि कडेवरून तळहात फिरवून "वा!" म्हणत. तो मान लववी. या कलेचे कारण कोणी विचारले नाही, आणि त्यानेही ते सांगितले नाही.

त्याला एक मुलगा होता. रक्त न गोठण्याचा, हिमोफिलिया नावाचा विकार घेऊन तो जन्मला होता. आपल्याला साधे खरचटले तर घटकाभराने रक्त आपोआप थांबते, कारण त्याला थांबवणारे घटक शरीर स्वतःच घडवीत असते. त्यांतला एक घटक या मुलाच्या शरीराला घडवताच येत नव्हता. आईबापांनी त्याला तळहातावरच्या फोडासारखे जपले. परंतु अकराव्या वर्षी, घरातल्या घरात, धावताना पाय घसरून तो पडला, आणि डोके टेबलाच्या कोपऱ्यावर आपटले. टेबल बापाने स्वतः घडवलेले होते. गुण्या लावून कोणीही पाहावा, असा त्याचा काटकोन होता.

या विकाराची वाट आईच्या बाजूने येते. आईला स्वतःला त्याचा सहसा उपद्रव होत नाही. ती तो नकळत पुढे देते. सुताराच्या बायकोकडून तो मुलाकडे आला, तसाच मूकपणे मुलीकडेही गेला, आणि मुलीच्या पोटी झालेल्या नातवात पुन्हा प्रकट झाला. बायको आता हयात नव्हती. जावई जहाजावर नोकरीला होता. वर्षातून दोन महिने घरी येई. मुलगी शाळेत शिकवीत असे. तेव्हा नातवाला सांभाळण्याचे काम बहुतांशी आजोबांकडेच आले होते, आणि त्यांनी ते व्रतासारखे पाळले होते.

नातू आता चोवीस वर्षांचा झाला होता. लहानपणी त्याला इतक्या मऊ गोष्टींत गुंडाळून ठेवीत, की चुलत भावंडांनी त्याचे नाव 'कापूस' ठेवले. ते त्याला चिकटले, आणि पुढे त्याने स्वतःच ते मिरवायला सुरुवात केली. सुतारकामाचे त्याला विलक्षण वेड होते. वस्तूंची रेखाटने तो संगणकावर अशी सुरेख करी, की आजोबा चष्मा पुसून पुसून पाहत. पण धारदार हत्यार त्याच्या हाती कधी पडले नाही. त्याच्या वाट्याला फक्त काचकागद.

"आजोबा, एकदा पटाशी द्या की."

"काचकागद घे."

"चोवीस वर्षांचा घोडा झालो मी. अजून काचकागदच?"

"तुझ्या हातचं घासकाम म्हणजे रेशीम आहे. गिऱ्हाईक तेवढ्यासाठी येतं."

"हो, कापसाच्या हातचं रेशीम. लिहून टाका पाटीवर!"

आजोबा हसत, आणि पटाशी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकीत.

मामाच्या काळी या विकारावर दुसऱ्यांचे रक्त किंवा त्यातला द्रव चढवण्यापलीकडे फारसे काही हाती नव्हते. नातवाच्या काळी बाटल्या आल्या. कमी पडणारा घटक भुकटीच्या रूपात, छोट्या बाटलीत मिळू लागला. आठवड्यातून दोनदा ती भुकटी पाण्यात विरघळवून शिरेतून द्यायची. शिवाय कुठे मार लागला, तर त्याच क्षणी आणखी एक. हे इंजेक्शन देण्याची विद्या घरात आजोबांनी आत्मसात केली. ज्या हाताला लाकडात केसाएवढी खाच पाडता येते, त्याला शीर शोधणे अवघड गेले नाही. बाटली खळखळून हलवायची नसते. दोन्ही तळहातांमध्ये धरून सावकाश फिरवायची असते. ते फिरवणे आजोबांच्या हातांत असे मुरले होते, की कधी कधी रिकामे बसलेले असतानाही त्यांचे तळहात एकमेकांवर हळूच फिरत.

आणि मग त्या वर्षी, रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी आजोबा, मुलगी आणि नातू या तिघांना बोलावून एका नव्या उपचाराची गोष्ट सांगितली. तो अजून अभ्यासाच्या टप्प्यात होता, आणि त्या अभ्यासात नातवाला घेता येणार होते.

त्या म्हणाल्या, की या घटकाची कृती लिहिलेला जनुक नातवाच्या पेशींत जन्मतःच सदोष आहे. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी त्याचा निर्दोष जनुक सिद्ध केला आहे. एका निरुपद्रवी विषाणूला आतून रिकामे करून त्याच्या कवचात तो भरलेला आहे. हे कवच शिरेतून यकृतापर्यंत जाईल, तिथल्या पेशींत तो जनुक ठेवील, आणि पेशी स्वतःच तो घटक घडवू लागतील.

आजोबांनी बराच वेळ विचार केला. मग आपल्या भाषेत विचारले, "म्हणजे बाई, असं बघा. माझ्याकडे खुर्चीच्या पायाचा साचा आहे. साचाच चुकला, तर त्यावरून कापलेला प्रत्येक पाय चुकतो. तुम्ही तो जुना साचा काढून फेकणार?"

"नाही आजोबा. जुना आहे तिथेच राहतो. आम्ही शेजारी एक बरोबर साचा नेऊन ठेवतो. कारागीर तेच, लाकूड तेच. फक्त आता त्यांच्यापुढे खरा साचा असतो."

"आणि याच्या पोरांना?"

बाईंनी काही लपवले नाही. "नवा साचा यकृतात राहतो, पुढे जात नाही. त्याच्या मुली झाल्या, तर त्यांच्याकडे जुनाच जाईल. पण तोवर ही विद्या कुठल्या कुठे गेलेली असेल."

शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "आणि आजोबा, घाबरू नका. तुम्ही घरी देता ती बाटलीही याच विद्येतून आलीय. तिथे जनुक मोठ्या टाक्यांतल्या पेशींमध्ये घालतात, आणि त्या पेशी औषध करतात. इथे टाकीच्या जागी हे स्वतः."

"म्हणजे मी टाकी?" नातू म्हणाला. "कापसाची टाकी झाली. बढतीच आहे."

त्या कवचाशी शरीराची आधी कधी गाठ पडली नाही ना, हे पाहण्यासाठी त्याचे रक्त तपासले गेले. मग एका सकाळी, दीड तासात, सलाइनसारख्या साध्या नळीतून ते औषध त्याच्या शिरेत उतरले. नळी काढल्यावर मुलगी इकडेतिकडे पाहत म्हणाली, "झालं? एवढंच?" आजोबा मात्र रिकाम्या पिशवीकडे पाहत राहिले. एवढ्याशा पाण्यासारख्या द्रवामागे किती माणसांची किती वर्षांची तपश्चर्या असेल, या विचाराने त्यांचे मन नम्र झाले. चांगल्या कामापुढे ते नेहमीच नम्र होत. मग ते लाकडातले असो वा कशातलेही.

घरी जाताना सिस्टरांनी एक कागद दिला. मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'मार लागला, तर आधी फोन. मग इंजेक्शन.' नियमित इंजेक्शने आता बंद होती. बाटलीतला घटक रक्तात गेला, की शरीर स्वतः किती घडवते आहे हे मोजता येत नाही, म्हणून हा नियम. मुलीने तो कागद फ्रिजच्या दारावर लावला. बाटल्या आत होत्या.

दर मंगळवारी तपासणी होई. निरोगी माणसाच्या रक्तातले त्या घटकाचे प्रमाण शंभर धरले, तर नातवाचे आजवर एकाहूनही कमी होते. तिसऱ्या मंगळवारी अकरा झाले. चौथ्या मंगळवारी सोळा. मुलीने आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिले. पाचव्या मंगळवारी आकडा बारावर उतरला, आणि यकृताच्या तपासणीत सूज दिसली.

"शरीराला ते कवच परकं वाटायला लागलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ज्या पेशींत नवा साचा गेलाय, त्यांच्यावरच ते चाल करून जातंय. त्याला शांत करायला या गोळ्या. रोज, न चुकता. पुढचा मंगळवार महत्त्वाचा. वेळेत आवरलं नाही, तर मिळालेलं सगळं हातचं जाईल. आणि हे औषध दुसऱ्यांदा देता येत नाही."

तो आठवडा घरात कोणी मोठ्याने बोलले नाही.

सोमवारी सकाळी मुलगी शाळेत गेल्यावर, सुतारखान्यात एक लोखंडी पेटी आली. गिऱ्हाइकाला तिच्यावर लाकडी आवरण करून हवे होते. उतरवणारी माणसे ती दारातच ठेवून गेली. नातू काचकागदाचा गठ्ठा आणायला वळला, आणि त्याचा गुडघा पेटीच्या कोपऱ्यावर खाडकन आदळला.

पुढे जे घडले, ते कोणी ठरवून केले नाही. आजोबांचे पाय घराकडे धावले होते. कागद फ्रिजच्या दारावर होता, आणि तेच दार त्यांनी कागदाकडे न पाहता उघडले. बाटली तळहातांत फिरू लागली. नातू येऊन नेहमीच्या खुर्चीत बसला, त्याने बाही वर केली, मूठ आवळली. पट्टा, कापूस, शीर, सुई. चोवीस वर्षांची कवायत होती ती. तिला विचाराची गरज नव्हती. सुई बाहेर निघाली, नातवाने कोपर दुमडले, आणि मगच दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यानंतर दोघांनी फ्रिजकडे पाहिले.

"आजोबा," नातू सावकाश म्हणाला, "हे काय केलं आपण?"

आजोबा स्टुलावर बसले. "आपण नव्हे. मी केलं."

"हात मीच पुढे केला ना!"

"गुडघा दाखव."

गुडघ्यावर निळसर डाग होता. सूज बेताची होती. ते रक्त आपल्या आपण थांबले असते, की बाटलीमुळे थांबले, हे आता कोणालाच कळणार नव्हते.

"फोन करू," आजोबा म्हणाले.

"थांबा. आधीच आकडा खाली आलाय. त्यात नियम मोडला म्हटल्यावर मला या अभ्यासातून काढतील. एक बाटली, आजोबा. उद्यापर्यंत ओसरून जाईल."

"जाईल?"

"जाईल की. आणि आईला तर मुळीच नका सांगू. हा आठवडाभर ती नुसती चहावर आहे."

आजोबांना हे पटले नाही. पण त्यांना नातवाच्या चेहऱ्यावरची भीती दिसली. त्यांनी फोन केला नाही. चूक पहिली हाताची होती. ही दुसरी मात्र मनाची होती, हे त्यांना त्याच वेळी कळत होते.

मंगळवारी सकाळी रक्त घेतले, आणि दुपारपर्यंत तिघे बाकावर बसून राहिले. मग डॉक्टरीणबाईंनी आत बोलावले. त्यांच्यापुढे कागद होता, आणि चेहऱ्यावर आश्चर्य.

"अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या.

मुलीने तोंडावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले. "अठ्ठावन्न? बाबा, ऐकलंत? अठ्ठावन्न!"

"यकृताच्या तपासणीचा निकाल उद्या येईल. पण एवढी वाढ म्हणजे गोळ्या लागू पडल्या असाव्यात," बाई म्हणाल्या. "तसं असेल तर आजपासून कमी करायला हरकत नाही, त्या फार काळ देणं बरं नसतं." त्यांनी लेखणी उचलली. मग थबकून नातवाकडे पाहिले. "मध्ये इंजेक्शन नाही ना घेतलं?"

"नाही," नातू म्हणाला.

टेबलाखाली त्याने आजोबांचा गुडघा दाबला. आजोबांनी मुलीकडे पाहिले. आठवडाभरात प्रथमच ती हसत होती. बत्तीस वर्षांपूर्वी, भाऊ गेला त्या दिवसापासून, ही मुलगी अर्धीच हसत आली होती; आज ती पुरी हसत होती, आणि ते हसू एका शब्दाने पुसले जाणार होते. बाईंच्या लेखणीचे टोक कागदाला टेकले.

"बाई, लिहू नका," आजोबा म्हणाले.

"काय झालं?"

"काल मी इंजेक्शन दिलं. पूर्ण बाटली. याच्या गुडघ्याला पेटी लागली होती. फोन केला नाही." त्यांचा आवाज शांत होता. "पोरगा खोटं बोलला तो माझ्यासाठी आणि आईसाठी. दोष माझा आहे. त्याला काढू नका."

नातवाने मान खाली घातली. मुलीचे हसू गेले, आणि त्या जागी जे आले ते पाहवत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे हा आकडा याचा नाही. बाटलीचा आहे." मग त्या थोड्या पुढे झुकल्या. "आजोबा, आता मी काय करणार होते, ठाऊक आहे? गोळ्या कमी करणार होते. याच्या शरीराचा खरा आकडा कदाचित आठ असेल, कदाचित पाच. गोळ्या कमी केल्या असत्या, तर राहिलेल्या पेशीही गेल्या असत्या, आणि आपल्याला कळलं असतं ते महिन्याने."

"मग काढणार याला?" मुलीने विचारले.

"काढायचं कशाला? झालं ते नोंदवायचं. गोळ्या तेवढ्याच ठेवायच्या. पंधरा दिवस बाटलीला हात नाही, आणि मग पुन्हा मोजायचं." त्या नातवाकडे वळल्या. "आणि तुम्ही. माझ्याशी खोटं बोललात तर मी औषध कुणाला देतेय, हेच मला कळत नाही."

"चुकलो," नातू म्हणाला.

बाहेर सिस्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि आजोबांवर डोळे वटारले. "कागद दारावर लावू दिला, ही चूक माझीच. तुमच्यासाठी तो आत लावायला हवा होता, बाटलीला गुंडाळून!" आणि खरोखरच त्यांनी एक चिकटपट्टी देऊन टाकली.

रस्त्याला लागल्यावर मुलीने बापाकडे पाहिले. मग म्हणाली, "बाबा, तुम्हीसुद्धा?"

"होय गं."

आणखी वीस पावले गेल्यावर ती म्हणाली, "मी असते घरी, तर मीही तेच केलं असतं. फक्त मला नंतर बोलता आलं नसतं." आणि तिने बापाच्या हातातली पिशवी काढून घेतली.

ते पंधरा दिवस लाकूड वाळण्याची वाट पाहावी तसे काढावे लागले. घाई करून त्यात काही करता येत नाही. आजोबांचे तळहात एकमेकांवर फिरत, आणि नातू ते पाहून त्यांच्या हातात काचकागद देई. "घ्या, घासा. तुमची पाळी." लोखंडी पेटीच्या कोपऱ्यांना मुलीने जुन्या चादरीचे गुंडाळे बांधले, ते पाहून गिऱ्हाईक म्हणाले, "अहो, पेटी आहे, बाळ नाही."

ठरलेल्या मंगळवारी आकडा आला: एकोणीस. सूज उतरली होती.

अठ्ठावन्नापुढे एकोणीस म्हणजे काहीच नव्हे, असे मुलीला क्षणभर वाटले. डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आले. "एवढ्यावर माणसं जन्म काढतात," त्या म्हणाल्या, "आणि आपल्याला काही आहे, हे पुष्कळांना ऑपरेशनच्या वेळीच कळतं. हा खराखुरा याचा आहे. याने स्वतः घडवलेला." दोन महिन्यांनी तो सत्तावीस झाला आणि तिथे स्थिरावला. तो किती वर्षे टिकेल हे बाईंनाही ठामपणे सांगता येत नव्हते. त्यांनी तसे सांगितलेही. परंतु मुलीचा जीव भांड्यात पडला.

त्याच आठवड्यात, एका सकाळी, आजोबांनी खिशातून किल्ली काढली, कपाट उघडले, आणि सर्वांत जुनी पटाशी नातवापुढे ठेवली.

नातवाने एक छोटे टेबल करायला घेतले. रेखाटन आधीच तयार होते. आजोबांनी ते पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

"याला कोपरे आहेत."

"चार आहेत."

"कडा गोल करून टाकू नंतर."

"नको, आजोबा. मला कोपरे हवेत."

आजोबांनी भिंतीवरचा गुण्या काढला, त्यावरची बत्तीस वर्षांची धूळ आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसली, आणि तो नातवाच्या शेजारी ठेवला.

तिसऱ्या दिवशी खाच पाडताना पटाशी सटकली, आणि नातवाच्या डाव्या अंगठ्यातून रक्त आले. थेंब लाकडावर पडला, मग दुसरा. आजोबा दोन पावले घराकडे गेले, आणि थांबले. थांबण्यासाठी त्यांना दाराची चौकट धरावी लागली. मग खिशातला फोन काढून त्यांनी सिस्टरांचा नंबर लावला.

"किती खोल आहे?" पलीकडून प्रश्न आला.

"कातडीच्या थोडं आत. अर्ध्या नखाएवढं लांब."

"कापूस ठेवा, घट्ट दाबा. दहा मिनिटं, घड्याळ लावून. मध्ये उचलून बघायचं नाही. फोन चालूच ठेवा."

"कापसावर कापूस," नातू म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला होता.

दोघे कामाच्या मोठ्या टेबलाशी बसले. भिंतीवरचे घड्याळ चालत होते. तीन मिनिटे झाली. नातवाचा उजवा हात टेबलाच्या गोल कडेवर होता; ती कड कशीतरी वेडीवाकडी, घाईने घासल्यासारखी होती. सुतारखान्यातल्या दुसऱ्या कोणत्याच वस्तूची कड तशी नव्हती.

"आजोबा, हे एवढंच असं का?"

आजोबांनी घड्याळावरची नजर काढली नाही. "हे ते टेबल आहे. तुझ्या मामाचं." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याच आठवड्यात कोपरे कापले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं."

नातवाने कडेवरचा हात काढला नाही. उलट तो तिच्यावर पालथा ठेवला. सात मिनिटे झाली, आठ झाली. फोनमधून सिस्टरांचा श्वास ऐकू येत होता.

"दहा," आजोबा म्हणाले.

नातवाने कापूस उचलला. जखमेच्या ओठांवर एक गडद, बारीक रेघ धरली होती. दोघांनी तिच्याकडे पाहिले. नवीन थेंब आला नाही. आजोबांनी अंगठा आपल्या बोटांत धरून उजेडात नेला, लाकडाची शीर पाहावी तसा फिरवून पाहिला, आणि आणखी एक मिनिट वाट पाहिली. आला नाही.

"थांबलं?" फोनमधून आवाज आला.

"थांबलं," आजोबा म्हणाले. मग त्यांना वाटले, हे पुरेसे झाले नाही. "सिस्टर, आपोआप थांबलं. त्याचं त्यानं."

त्यांनी फोन बंद केला. त्यांचे तळहात मांडीवर स्वस्थ पडले होते. नातवाने अंगठ्याला पट्टी बांधली आणि टेबलाचा अर्धवट कोपरा त्यांच्यापुढे सरकवला. आजोबांनी गुण्या लावला, एक डोळा मिटला, आणि भुवया चढवल्या.

"केसभर बाहेर गेलाय," ते म्हणाले. त्यांनी पटाशी उचलली, मूठ पुढे करून नातवाच्या हातात दिली, आणि त्याचा डावा हात धरून धारेच्या मागे नेऊन ठेवला. "अंगठा इथे. आता चालव."